पेटी-डझनची लायब्ररी नवीन जँगोवर नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान जँगोसाठी (पायथन भाषेत वेबसाईट बांधायची चौकट) लिहिलेली आपली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरणाऱ्यांसाठी आहे, आणि स्वतःची एखादी छोटी डेटाबेस लायब्ररी नव्या जँगोवर न्यायला बसलेल्यांनाही उपयोगी पडेल. देवगड-रत्नागिरीचे बागायतदार, दापोली-हर्णेकडच्या मच्छीमार सोसायट्यांची कामं करणारी मुलं असे बरेच जण तेच तेच विचारतात आणि मी फोनवर तेच तेच सांगते, म्हणून एकदाच लिहून ठेवलं.

लायब्ररी करते काय? मी नवीन आहे.

जँगोच्या मॉडेलमध्ये (डेटाबेसच्या टेबलाचं कोडमधलं वर्णन) वापरायची दोन फील्डं, म्हणजे कॉलमचे प्रकार, आणि एक लुकअप, म्हणजे नोंदी निवडायची अट, एवढंच. पहिलं पेटी फील्ड. आंब्याचा हिशोब आपल्याकडे "बारा पेट्या, तीन डझन, वर पाच" असा तोंडी होतो, तर तो डेटाबेसमध्ये एकच पूर्णांक म्हणून साठतो, म्हणजे पाच डझनी पेटी धरली तर ७६१ फळं, आणि स्क्रीनवर दाखवताना परत पेटी-डझन-नग होतो. दुसरं फील्ड प्रतवारीचं, कुठल्या साईजची किती फळं हे जेसनमध्ये ठेवणारं. आणि लुकअप म्हणजे "हंगाम". मासेमारीचं वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं, मधले जून-जुलै ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी, त्यामुळे "२०२४चा हंगाम" म्हटलं की तारखा दोन कॅलेंडर वर्षांत पसरतात, आणि प्रत्येक ठिकाणी ती अट हाताने लिहिण्यापेक्षा एका शब्दात लिहिता येते.

माझं जँगो ३.२ वर सगळं नीट चाललंय. मग कशाला हात लावू?

कारण जँगो ३.२ चा सपोर्ट एप्रिल २०२४ मध्येच संपला. त्यानंतर सापडलेल्या सुरक्षेच्या भोकांना त्या आवृत्तीत बूच बसत नाही, आणि तुमच्या डेटाबेसमध्ये गिऱ्हाइकांचे फोन नंबर, पत्ते, येणी-देणी सगळं आहे. शाकारणी आपण मे महिन्यात करतो, पाऊस धरल्यावर छपरावर चढत नाही, हेही तसंच. ४.२ चा दीर्घ सपोर्ट एप्रिल २०२६ पर्यंतचा आणि ५.२ चा एप्रिल २०२८ पर्यंतचा, म्हणजे आत्ता श्रम करायचेच तर ते ५.२ पर्यंत पोचवा.

३.२ वरून थेट ५.२ वर उडी मारली तर?

नका मारू. मधे ४.२ वर थांबा. जँगोची पद्धत अशी आहे की एखादी गोष्ट काढायची ठरली की आधी किमान दोन आवृत्त्या ती नुसती इशारा देत राहते आणि मग काढतात, त्यामुळे पायरीपायरीने गेलात तर प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीचे इशारे तुम्हाला आधीच वाचायला मिळतात, आणि उडी मारलीत तर ते सगळे इशारे चुकतात आणि हातात येते ती थेट एरर, तीही भलत्याच फाईलमधली.

फक्त एक लक्षात घ्या, हे डेप्रिकेशनचे, म्हणजे "हे पुढे काढणार" असे इशारे पायथन बहुतेक वेळा लपवून ठेवतो. अनेकजण मला सांगतात "आमच्याकडे एकही वॉर्निंग नाही", आणि बघितलं तर त्या चालूच केलेल्या नसतात. टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारा कोड) चालवताना पायथनला डब्ल्यू पर्याय देऊन वॉर्निंग दाखवायला सांगा, आणि शक्य असेल तर वॉर्निंगलाच एरर समजायला सांगा. आपल्या लायब्ररीच्या टेस्ट आता तशाच चालतात. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा स्क्रीन भरून लाल झाली होती आणि दोन संध्याकाळी त्यातच गेल्या, पण त्या दोन संध्याकाळींत पुढची निम्मी कामं समोर लिहून मिळाली.

"यूगेटटेक्स्ट लेझी इम्पोर्ट करता येत नाही" असं येतंय.

लायब्ररीची जुनी आवृत्ती लागलेली आहे. यूगेटटेक्स्ट, फोर्स टेक्स्ट, स्मार्ट टेक्स्ट ही सगळी पायथन २ च्या काळातली नावं जँगो ४.० मध्ये गेली. त्यांच्या जागी गेटटेक्स्ट, फोर्स स्टर आणि स्मार्ट स्टर. लायब्ररी अपडेट करा. तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये असतील तर शोधा-आणि-बदला करून दहा मिनिटांत होतं, जँगो-अपग्रेड नावाचं एक टूल आहे ते यातलं बरंच आपोआप करतं, फक्त त्याने केलेला बदल कमिट करण्याआधी स्वतः वाचा.

अपग्रेडनंतर तारखा एक दिवस मागे जातायत! बंदीच्या काळात बोट गेली असं दाखवतंय.

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर.

हर्णेच्या एका सोसायटीच्या नोंदीत हे पहिल्यांदा दिसलं. १ ऑगस्टला पहाटे ४ वाजता बोट सुटली, नोंद बरोबर केली, आणि रिपोर्टमध्ये ती ३१ जुलैला. पहाटेचे ४ म्हणजे यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ) आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेदहा, कारण आपण साडेपाच तास पुढे आहोत. म्हणजे कागदावर त्या नाखव्याने बंदी मोडली. हे ज्याच्या नावावर लागतं त्याच्यासाठी साधी गोष्ट नाही. त्या दिवशी सोसायटीतून फोन आला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "ह्यो माणूस बंदीत गेलोच नाय, मग ह्या काय लिहून ठेवलंय?"

चूक आपल्या लुकअपची होती. तो वेळेच्या कॉलमवर थेट तारीख काढायचा, टाईमझोन न बघता, आणि डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत असेल तर तारीखही यूटीसीची निघते. ही चूक आधीपासून होती, फक्त आमच्या टेस्टच्या सेटिंगमध्ये यूज टीझेड (वेळ टाईमझोनसकट हाताळायची की नाही हे ठरवणारी) ही ओळच नव्हती आणि जुन्या जँगोत ती नसेल तर बंद धरायचे, त्यामुळे टेस्ट हिरव्या. जँगो ५.० पासून ती ओळ नसेल तर चालू धरतात. ५.० वर टेस्ट लावल्या आणि त्या पडल्या, तेव्हा कुठे कळलं की ज्यांच्याकडे ती आधीच चालू होती त्यांना आम्ही कित्येक महिने चुकीची तारीख देत होतो.

आता लुकअप उलट बाजूने काम करतो. कॉलमला हात लावत नाही, तर हंगामाच्या दोन्ही टोकांच्या वेळा पायथनमध्ये भारतीय टाईमझोनसह तयार करतो, १ ऑगस्टची मध्यरात्र धरून पुढे आणि १ जूनची मध्यरात्र सोडून मागे, आणि कॉलमची तुलना त्या दोन वेळांशी करतो. यात दोन फायदे झाले जे सुरुवातीला माझ्या डोक्यातही नव्हते. एक म्हणजे कॉलमवरचा इंडेक्स वापरला जातो, म्हणजे शोध झटपट होतो. दुसरं, मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टाईमझोनचे तक्ते भरलेले नसतील तरी चालतं. नाहीतर तिथे जँगोचा नेहमीचा तारखेचा फिल्टर गुपचूप रिकामी यादी देतो, एररसुद्धा नाही, आणि माणूस डोकं धरून बसतो.

मग मी यूज टीझेड चालू करू की बंद ठेवू?

आधी सेटिंग फाईल उघडून ती ओळ आहे का बघा. नवीन प्रोजेक्ट बनवताना जँगो ती स्वतः लिहून देतो, म्हणून बऱ्याच जणांकडे ती आधीच चालू असते आणि त्यांना काही करायचं नाही, फक्त टाईम झोन एशिया/कोलकाता आहे ना एवढं बघायचं. ओळच नसेल तर आजच्या आज "बंद" असं स्पष्ट लिहून टाका म्हणजे अपग्रेडमुळे काही हलणार नाही, आणि चालू करायचं काम वेगळ्या दिवशी वेगळं करा.

चालू करताना डेटाबेस कुठला आहे त्यावर सगळं अवलंबून. पोस्टग्रेसमध्ये जँगो वेळ टाईमझोनसकट ठेवतो, त्यामुळे जुना डेटा बदलावा लागत नाही. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाईटमध्ये मात्र नुसती वेळ असते, ती आजवर भारतीय होती, आणि सेटिंग बदललं की जँगो तीच यूटीसी समजून वाचायला लागतो, म्हणजे सगळ्या जुन्या नोंदी साडेपाच तास पुढे सरकतात. तिथे प्रत्येक तारीख-वेळ कॉलममधून ५ तास ३० मिनिटं वजा करावी लागतात. आपल्याकडे उन्हाळी-हिवाळी घड्याळ बदलत नाही म्हणून हे गणित सरळ आहे. बॅकअप घ्या, साईट बंद ठेवा, आणि ही वजाबाकी मायग्रेशन (डेटाबेसमधला बदल लिहिलेली जँगोची फाईल) म्हणूनच लिहा, हाताने कमांड मारू नका, कारण मायग्रेशन एकदाच चालल्याची नोंद राहते आणि हाताने मारलेली कमांड कोणीतरी दुसऱ्यांदा मारतो. नुसत्या तारखेचे कॉलम असतील त्यांना अजिबात हात लावायचा नाही.

पायटीझेड (टाईमझोनची जुनी पायथन लायब्ररी) काढून का टाकलं? मी माझ्या कोडमध्ये वापरतो.

जँगोने ४.० पासून पायथनचं स्वतःचं झोनइन्फो धरलं आणि ५.० मध्ये पायटीझेडचा सपोर्ट पूर्ण काढला, म्हणून आम्हीही काढलं. खरं सांगायचं तर गेलं ते बरंच झालं. पायटीझेडचा कोलकाता टाईमझोन थेट तारीख-वेळ बनवताना दिला तर साडेपाच तासांऐवजी ५ तास ५३ मिनिटं लागतात, कारण तो प्रमाणवेळेच्या आधीची जुनी कलकत्त्याची स्थानिक वेळ उचलतो. बरोबर वापरायचं तर त्याचं लोकलाईज वापरावं लागायचं आणि ते दहातले आठ जण विसरायचे. २३ मिनिटांचा फरक रिपोर्टमध्ये दिसला तर आधी हेच शोधा.

मेकमायग्रेशन्स (मायग्रेशन बनवणारी कमांड) चालवलं तर तुमच्या लायब्ररीच्या फोल्डरमध्ये नवीन मायग्रेशन बनतंय. ते कमिट करू का?

नाही, आणि कमिट करताही येणार नाही, कारण ती फाईल तुमच्या प्रोजेक्टमध्ये नाही, पायथनच्या पॅकेजांच्या फोल्डरात बनते, आणि सर्व्हरवर ती नसते, मग तिकडे भलतंच काहीतरी होतं. ३.२ पासून आयडीच्या कॉलमचा प्रकार तुम्ही प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये ठरवू शकता. तुम्ही बिग ऑटो (मोठ्या आकड्यांचा आयडी) ठेवला, आम्ही आमच्याकडून काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून जँगोला वाटलं आमचे टेबलही बदलायचेत. आता लायब्ररीने आपल्या अ‍ॅप कॉन्फिगमध्ये तिचा प्रकार स्पष्ट लिहिलाय. बनलेली फाईल डिलीट करा आणि लायब्ररी अपडेट करा. फाईल डेटाबेसवर चालवून बसला असाल तर मात्र डिलीट करण्याआधी आम्हाला कळवा, आधी मागे फिरवावी लागेल.

जे कोणी स्वतःची लायब्ररी लिहितायत त्यांनी ही एक ओळ आजच टाका. जँगो ६.० मध्ये डिफॉल्टच बिग ऑटो झालाय.

जुनी मायग्रेशनं साफ करून टाकू का? त्यात जुन्या फील्डांची नावं आहेत आणि घाण दिसते.

थांबा, थांबा. याच ठिकाणी माझ्याकडून सगळ्यात मोठी चूक झालीय.

मायग्रेशनच्या फाईलमध्ये फील्डचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, कुठल्या मोड्यूलमधलं कुठलं फील्ड. मी कोड नीटनेटका करायचा म्हणून पेटी फील्ड एका फाईलमधून दुसरीकडे हलवलं, माझ्या टेस्ट सगळ्या पास, कारण माझ्या टेस्ट प्रोजेक्टला जुनी मायग्रेशनंच नव्हती. रिलीज केलं एप्रिलच्या मध्यावर. देवगडला एका बागायतदाराकडे नातवाने सवयीने सगळी पॅकेजं अपडेट केली आणि साईट उघडेचना, दोन वर्षांपूर्वीच्या मायग्रेशनमध्ये जुना पत्ता होता आणि तिथे आता काही नव्हतं. ऐन हंगाम, रोज वाशीला गाडी जातेय, आणि त्या आजोबांचा फोन, "माझो हिशोब खंय गेलो?" हिशोब कुठे गेला नव्हता, डेटाबेस जसाच्या तसा होता, जुनी आवृत्ती परत लावून अर्ध्या तासात चालू झालं, पण तो अर्धा तास त्यांनी काय विचार केला असेल तो माझ्या डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून जुन्या जागी जुनी फाईल कायमची आहे, तिच्यात नव्या जागेकडे बोट दाखवणारी एक ओळ, आणि ती कधीही निघणार नाही. जँगोवालेही हेच करतात बघा. पोस्टग्रेसचं वेगळं जेसन फील्ड ४.० मध्ये काढलं तरी जुन्या मायग्रेशनांपुरतं ते ओळखलं जातं. इंडेक्स टुगेदर (अनेक कॉलमांचा एकत्र इंडेक्स लिहायची जुनी रीत) मॉडेलमधून ५.१ ला गेलं, पण त्याचं जुनं मायग्रेशन ऑपरेशन ठेवलंय. (तुमच्या मॉडेलमध्ये इंडेक्स टुगेदर असेल तर ४.२ वर असतानाच इंडेक्सेसमध्ये बदला, ४.१ पासून रिनेम इंडेक्स नावाचं ऑपरेशन आहे, पोस्टग्रेसवर त्याने इंडेक्स परत बांधावा लागत नाही, फक्त नाव बदलतं.)

याचाच दुसरा भाग म्हणजे डीकन्स्ट्रक्ट, फील्डचे पर्याय मायग्रेशनला सांगणारं फंक्शन. स्वतःचं फील्ड लिहिताना तुम्ही घेतलेला प्रत्येक जादा पर्याय, आमच्याकडे उदाहरणार्थ "पेटीत किती डझन", डीकन्स्ट्रक्टमधून परत दिला पाहिजे. नाही दिलात तर मायग्रेशनमध्ये तो पोचत नाही आणि चार डझनी-पाच डझनीतला बदल जँगोला दिसतच नाही. आता टेस्टमध्ये एक पायरी कायमची आहे: जुन्या आवृत्तीने बनवलेली मायग्रेशनं चालवायची आणि मग मेकमायग्रेशन्सला चेक पर्याय देऊन "काही बदल नाही" हे उत्तर येतं का बघायचं. ४.२ च्या आधीच्या जँगोवर हा चेक पर्याय फाईलसुद्धा बनवून टाकायचा, तिथे ड्राय रनही (फाईल न बनवता नुसतं दाखवणारा पर्याय) जोडा.

आमच्या होस्टिंगवर मायएसक्यूएल ५.७ आहे, चालेल ना?

जँगो ३.२ वर चालेल. ४.२ पासून मायएसक्यूएल ८ लागतं, जोडणीच होणार नाही. यात लायब्ररी काही करू शकत नाही. पोस्टग्रेसवाल्यांनो, जँगो ४.२ ला पोस्टग्रेस १२, ५.१ ला १३ आणि ५.२ ला १४ किंवा वरचं हवं. पायथनचंही बघा, जँगो ५.० पासून ३.१० लागतं, आणि उबुंटू २०.०४ वर येणारं पायथन ३.८ आहे, म्हणजे त्या सर्व्हरवर तुम्ही ४.२ पर्यंतच जाल. माझा क्रम सांगते: आधी सर्व्हर आणि पायथन, मग डेटाबेस, मग जँगो, मग आपली लायब्ररी, आणि प्रत्येकाच्या मधे निदान एक आठवडा. सगळं एका रात्रीत केलं आणि काही मोडलं तर कशाने मोडलं ते शोधायला तीन रात्री जातात.

सायकोपीजी (पायथन आणि पोस्टग्रेस जोडणारी लायब्ररी) ३ वर जाऊ का?

जँगो ४.२ पासून चालतं, पण घाई नाही, सायकोपीजी २ अजूनही चालतं. आपल्या कोडमध्ये दोन ठिकाणी हाताने लिहिलेलं एसक्यूएल होतं जिथे "इन" च्या पुढे पूर्ण टपल पाठवलं होतं, ते ३ मध्ये चालत नाही, तिथे "एनी" वापरून लिस्ट पाठवावी लागते, आणि तसं लिहिलेलं २ मध्येही चालतं. तुमच्याकडे रॉ क्वेरी असतील तर तेवढ्या बघा.

माझ्या स्वतःच्या लुकअपमध्ये "लिस्ट आणि टपल जोडता येत नाही" अशी एरर येते.

डावीकडचे आणि उजवीकडचे पॅरामीटर अधिक चिन्हाने जोडलेत. कधी लिस्ट येते कधी टपल, आवृत्तीगणिक बदलतं. दोन्ही उलगडून एका नव्या टपलमध्ये टाका, सगळ्या आवृत्त्यांवर चालेल.

एकाच लायब्ररीत ३.२ चाही सपोर्ट ठेवा ना, ट्राय-एक्सेप्ट टाकून.

एक वर्ष ठेवला होता. प्रत्येक फाईलच्या डोक्यावर "हे मिळालं तर हे नाहीतर ते" अशा पाच-सहा जोड्या झाल्या, आणि त्यातली जुनी वाट कोणी तपासतच नव्हतं. न तपासलेला कोड "सपोर्ट आहे" म्हणून देणं मला पटत नाही. म्हणून ३.२ साठी जुनी शाखा वेगळी ठेवलीय, तिच्यात डेटा खराब करणारी चूक सापडली तरच दुरुस्ती जाते. मुख्य शाखा ४.२ आणि ५.२ वर, एसक्यूलाईट, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल तिन्हींवर तपासली जाते. नुसत्या एसक्यूलाईटवर टेस्ट करून समाधान मानू नका, वर सांगितलेल्या निम्म्या भानगडी तिथे दिसल्याच नसत्या.

जँगोची वरची मर्यादा मात्र आम्ही पॅकेजमध्ये घालत नाही, फक्त खालची. वरची घातली तर नवीन जँगोवर लायब्ररी लावून बघणाऱ्यालाच अडवल्यासारखं होतं, आणि पिप (पायथनची पॅकेजं लावणारं टूल) कधीकधी गुपचूप लायब्ररीची जुनीपानी आवृत्ती उचलून आणतो.

पावसात नेट नसतं, लाईट जाते. अपग्रेड अर्ध्यात अडकलं तर?

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूला लागलं, त्यानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, त्यामुळे हा प्रश्न मी खूप मनावर घेते. नेट चांगलं असेल त्या दिवशी पिप डाऊनलोड वापरून सगळी पॅकेजं एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या, आवृत्त्या पक्क्या लिहिलेल्या फाईलसकट, आणि पेनड्राईव्हवर एक प्रत ठेवा. मग पिपला इंडेक्स न बघता त्याच फोल्डरमधून घ्यायला सांगता येतं. त्याच फोल्डरमध्ये जुन्या चालू आवृत्त्यांचा संचही ठेवा, परत फिरायचं तर नेटची वाट बघायला नको. मायग्रेशन चालू असताना लाईट जाण्याचा धोका मायएसक्यूएलवर जास्त, कारण तिथे टेबलाची रचना बदलणं ट्रान्झॅक्शनमध्ये मागे फिरत नाही, अर्धं झालेलं अर्धंच राहतं. पोस्टग्रेसवर पूर्ण मागे फिरतं. यूपीएस नसेल तर मायएसक्यूएलची मायग्रेशनं लॅपटॉपवर, बॅटरी भरलेली असताना, डेटाच्या प्रतीवर आधी चालवून बघा.

नवीन आवृत्ती कधी येते?

मोठी आवृत्ती फक्त १५ जून ते ३१ जुलैच्या मधे. आंबा संपलेला असतो, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, म्हणजे आपले दोन्हीकडचे लोक मोकळे. जँगो दर आठ महिन्यांनी येतो, दीर्घ सपोर्टवाला एप्रिलमध्ये, आणि एप्रिलमध्ये आपण कोणीच हलू शकत नाही. ५.२ एप्रिल २०२५ ला आला, आपण जुलैमध्ये. फेब्रुवारी ते मे फक्त चुकांच्या दुरुस्त्या, त्याही मायग्रेशन न लागणाऱ्या.

मला मदत करायचीय, पण कोड फारसा येत नाही.

तुमची जुनी मायग्रेशनं पाठवा. डेटा नको, नावं-नंबर काही नको, फक्त मायग्रेशनच्या फाईली आणि तेव्हा लायब्ररीची कुठली आवृत्ती होती ते. आत्ता टेस्टमध्ये सात प्रोजेक्टची आहेत, वेंगुर्ल्यापासून श्रीवर्धनपर्यंतची, आणि गेल्या जुलैत त्यातल्या दोन पडल्या म्हणून रिलीज चार दिवस पुढे ढकलली. तुमची त्यात असतील तर नवीन आवृत्ती तुमच्यापर्यंत यायच्या आधी तुमच्या फाईलींवरून गेलेली असेल.